मी साफ केलेले चार हजार बोंबील

एका शनिवारी दुपारी, जेवण आणि चहा यांच्या मधल्या वेळात, मी एकट्याने चार हजार एकशे बारा बोंबील नाहीसे केले.

खाल्ले नाहीत. खाल्ले असते तर घरात एवढा तमाशा झाला नसता. बायकोने फार तर ओव्याचं पाणी दिलं असतं. हे बोंबील फोटोतले होते, माझ्या नातीचे, केतकीचे होते, आणि तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष अख्खं त्यांच्यावर टांगलेलं होतं. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं आहे. मी ते मान्य करत नाही.)

मी मुलुंडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये अडतीस वर्षं टर्नर म्हणून लेथ चालवला. शाळा चौथीपर्यंत. पाचवीत दिवाळीपर्यंत गेलो, पुढे मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. पण माझ्या हातून घडून गेलेला जॉब, म्हणजे यंत्राचा भाग, कधी परत आला नाही. (एकदा आला होता. चूक ड्रॉइंगची होती. मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो.)

निवृत्त झाल्यापासून मला खुर्ची चावते. पाच मिनिटं बसलो की वाटतं, कुठेतरी काहीतरी ढिलं आहे आणि ते मी सोडून कोणी आवळणार नाही. घरातले सगळे नळ आवळून झाले. सोसायटीच्या गेटला इतकं तेल घातलं, की ते नुसत्या वाऱ्यानेही उघडतं आणि वॉचमन माझ्याकडे बघून मान फिरवतो. शेवटी माझा मुलगा राजन कंटाळला आणि त्याने माझ्या हातात एक टॅब ठेवला.

"बाबा, आता बसून राहा."

बसलो. तो टॅब त्याने घरच्या सगळ्यांच्या यंत्रांना जोडून दिला. सोफ्यावर माझ्या शेजारी बसून मला समजावलं.

"हे आपलं सगळ्यांचं मिळून एक कपाट आहे असं समजा. माझा कॉम्प्युटर, केतकीचा लॅपटॉप, वैशालीचा लॅपटॉप, तुमचा टॅब. एकाने ठेवलं की सगळ्यांना दिसतं. याला सिंक म्हणतात."

"म्हणजे प्रत्येकाकडे एकेक प्रत."

"तसं नाही हो बाबा. प्रत नाही, तेच ते सगळीकडे…"

"कळलं."

"काय कळलं?"

"कळलं म्हटलं ना!"

मला खरंच कळलं होतं. आमच्या वर्कशॉपमध्ये असंच असायचं. ड्रॉइंगचा मूळ कागद वर ऑफिसात, आणि त्याची एकेक प्रत प्रत्येक मशीनवर. माझ्या प्रतीवर मी ग्रीसचे हात पुसायचो, चहाचा ग्लास ठेवायचो, जॉब संपला की फाडून टाकायचो. ऑफिसातल्या मूळ कागदाला त्याचा पत्ताही नसायचा. अडतीस वर्षं हेच पाहिलेल्या माणसाला राजन दोन मिनिटांत दुसरं काय शिकवणार?

तर तो शनिवार. राजन घाटकोपरला ऑफिसात. सूनबाई वैशाली पंधरा दिवसांपासून कोल्हापूरला माहेरी, आईचं ऑपरेशन होतं म्हणून. केतकी मैत्रिणीकडे. घरात मी आणि बायको. गावाहून माझ्या चुलतभावाने जत्रेतल्या दशावताराचा व्हिडिओ पाठवला होता आणि तो काही केल्या उघडत नव्हता. टॅबवर एक सूचना आली: जागा संपली आहे, नको असलेल्या वस्तू काढा.

मला स्पष्ट हुकूम आवडतो. मी आत जाऊन पाहिलं तर काय, बोंबील! बांबूच्या मांडवावर लटकलेले बोंबील. जवळून बोंबील, लांबून बोंबील, सकाळचे बोंबील, संध्याकाळचे बोंबील. एकाच बोंबलाचे सतरा फोटो! मधेमधे बांबू. नुसते बांबू! आणि त्यात कसलेकसले तक्ते. मी बोट सरकवत गेलो, सरकवत गेलो, बोट दुखलं, बोंबील संपेनात. माझ्या टॅबमध्ये!

बायको भांडी पुसत बाहेर आली. आम्ही दोघंही मालवणकडचे. मी मुंबईत येऊन बोली विसरलो, ती विसरली नाही.

"काय करतात ओ थंय?"

"साफसफाई."

तिने कपाळाला हात लावला आणि आत गेली. माझी साफसफाई तिने याआधी दोनदा पाहिली आहे.

मी सगळे बोंबील निवडले आणि काढून टाकले. पण जागा काही होईना! मग दिसलं की ते कचरापेटीत जाऊन बसलेत आणि तिथे तीस दिवस राहणार आहेत. तीस दिवस! कचरा! आमच्याकडे भोंगा वाजायच्या आधी मशीनखालचा लोखंडाचा कीस झाडून काढल्याशिवाय कोणी हात धूत नसे. मी पेटी रिकामी करायचं बटण दाबलं. टॅबने विचारलं, "कायमचं काढून टाकायचं का?" मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, "हे परत मिळणार नाही. नक्की?" मला एकच गोष्ट दोनदा विचारलेली खपत नाही. मी बोट असं दाबलं की स्क्रीनला खड्डा पडायचा!

दशावतार उघडला. त्यातला संकासुर राक्षस नुकताच रंगात आला होता, तेवढ्यात लॅच उघडल्याचा आवाज आला, केतकी आत गेली, आणि तिसऱ्या मिनिटाला तिच्या खोलीतून अशी किंकाळी आली की बायकोच्या हातातलं झाकण पडलं.

"आजी! माझं सगळं गेलं!"

केतकी आर्किटेक्ट व्हायला शिकते. तिचं शेवटच्या वर्षाचं काम वेसाव्याच्या कोळीवाड्यावर होतं: मासळी सुकवायच्या जागा कशा बांधतात, त्या इमारतींच्या गर्दीत कशा टिकवायच्या. वर्षभर उन्हातान्हात जाऊन तिने फोटो काढले होते, एकेक मांडव मोजला होता. सोमवारी सकाळी परीक्षा. बाहेरचे परीक्षक येणार. रविवारी संध्याकाळपर्यंत मोठे कागद छापून आणायचे. नाहीतर वर्ष गेलं.

हे सगळं ती हुंदके देत आजीला सांगत होती आणि मी दारात उभा राहून ऐकत होतो.

"व्हायरस असेल," ती म्हणाली. "किंवा मागे लॅपटॉप दिला होता त्या दुरुस्तीवाल्याने काहीतरी केलं. आबा, तुम्हाला काय वाटतं?"

"दुरुस्तीवाल्यांचा भरवसा नाही," मी म्हणालो.

आता सांगतो, त्या क्षणी मला शंका आली होती. पण माझी प्रत वेगळी आणि तिची वेगळी, हा माझा हिशोब पक्का होता. माझ्या मशीनवरचा कागद फाडला म्हणून ऑफिसातला कागद फाटेल कसा? तरी माझे पाय काही एका जागी राहीनात. हॉल ते किचन, किचन ते बाल्कनी. बाल्कनीतून पुन्हा हॉल.

"बसान ऱ्हवा जरा!" बायको ओरडली. "माझ्या डोक्यात भोवरो फिरता!"

केतकीने राजनला फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"रडू नको बेटा," राजन म्हणाला. "माझ्या कपाटात काळी हार्ड डिस्क आहे. मागच्या शनिवारचं सगळं त्यात आहे. मी निघालोच. मी येईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. बाबांना सांग. बाबा, ऐकताय ना?"

"मी कशाला हात लावू?"

फोन ठेवला. मी चार मिनिटं बसलो. खरोखर बसलो, घड्याळ लावून. मग मनात आलं: घाटकोपरहून यायला राजनला तास लागणार, पोर तिकडे रडतेय, आणि उपाय त्या कपाटात पडून आहे. यायच्या आत जोडून ठेवली तर वेळ तरी वाचेल! वायर एकच, भोक एकच, त्यात चुकायचं काय? मी राजनचा कॉम्प्युटर चालू केला, डिस्क जोडली. एक चौकोन उघडला, त्यात हिरवी पट्टी सरकायला लागली. हिरवं म्हणजे चांगलं. मी समाधानाने चहा मागितला.

राजन आला, बूटही न काढता आत गेला, आणि मला त्याचा आवाज ऐकू आला. तसा आवाज त्याने याआधी एकदाच, स्वतःचा दहावीचा निकाल पाहून काढला होता.

"डिस्क कोणी जोडली?"

"मी. तुझा वेळ वाचवला."

"बाबा! ती आरशाच्या सेटिंगवर ठेवलेली आहे! जोडली की आपोआप चालू होते! कॉम्प्युटरमध्ये जे नसेल ते डिस्कमधूनही काढून टाकते!"

"मग असली डिस्क घेतलीस कशाला?" मी म्हणालो. आणि हा प्रश्न मी आजही मागे घेत नाही. जे इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, त्याला सांभाळून ठेवणं म्हणत असतील तर त्यापेक्षा माझी बायको लोणचं बरं सांभाळते. राजनने तोंड कॉम्प्युटरकडे फिरवलं, कारण ती सेटिंग त्याचीच होती. मला वाटलं, चला, निम्मं खापर तिकडे गेलं. पण माझा आनंद फार टिकला नाही. त्याने कॉम्प्युटरवर कसलीशी यादी उघडली. कोणी काय केलं, कधी केलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं! मला काय ठाऊक! वर्कशॉपमध्ये कार्ड पंच करायचो तेव्हाही इतका बारीक हिशोब नव्हता.

राजनने मोठ्याने वाचलं. "आबांचा टॅब. चार हजार एकशे बारा वस्तू काढल्या. दुपारी एक सत्तेचाळीस. कचरापेटी रिकामी केली. एक एक्कावन्न."

पंख्याचा आवाज येत होता. (त्यालाही तेल हवं होतं, पण ती वेळ नव्हती.)

"आबा?" केतकी म्हणाली.

"माझ्या टॅबमधले काढले मी," मी म्हणालो. "तुझ्यातल्याला मी हात लावला नाही."

"आबा, ते एकच होतं!"

"कोणी सांगल्यान तुमका हात लावूक?" बायको किचनमधून आली ती उलथनं घेऊनच.

"टॅबने सांगितलं! लेखी सांगितलं!"

केतकी उठली आणि बाल्कनीत जाऊन पाठ करून उभी राहिली. ती ओरडली असती तर मी ओरडलो असतो, आणि दोघांचं भागलं असतं. लहानपणी ती रुसली की मी तिला लेथवर भोवरा करून द्यायचो. आता त्या पाठीकडे बघून काय करायचं ते कळेना. मी नुसता तिथल्या तिथे फेऱ्या मारत राहिलो.

तेवढ्यात राजनने मांडीवर थाप मारली. "वैशालीचा लॅपटॉप!"

सूनबाई तिचा जुना लॅपटॉप घरीच ठेवून गेली होती, कारण त्याची बॅटरी मेली होती. वायर लावली तरच चालायचा. पंधरा दिवस कपाटात बंद पडलेला, म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीचं सगळं त्याच्या पोटात जसंच्या तसं! त्याला अजून बातमीच पोचली नव्हती. आणि नंतरची ड्रॉइंग्ज केतकीने कॉलेजच्या सरांना मेल केलेली होती.

"पण हा उघडल्यावर इंटरनेट मिळालं, की त्याला कळणार तिकडे पुसलंय," राजन म्हणाला, "आणि तोही पुसायला लागणार. केतकी, वायफाय बंद कर. सगळ्यांचे मोबाईल बंद. बाबा, तुम्ही…"

"मी काय करू?"

"तुम्ही हात मागे बांधून उभे राहा."

राहिलो! चौऱ्याहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या घरात, शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखा.

लॅपटॉप उघडला. मिनिटभर विचार केला त्याने. आणि बोंबील! चार हजारच्या आसपास बोंबील, मांडवावर सुखाने लटकलेले! बायकोने देवापुढे साखर ठेवली. आयुष्यात सुक्या मासळीचं इतकं कौतुक मी पाहिलं नव्हतं. राजनने पेन ड्राईव्ह लावला, उतरवायला सुरुवात केली. खाली आकडा दिसत होता. केतकी तो एकटक बघत होती.

"बाबा," ती राजनला म्हणाली, "आकडा कमी कसा होतोय?"

तीन हजार नऊशे. तीन हजार आठशे ऐंशी. आठशे चाळीस.

"नेट बंद आहे ना?"

"बंद आहे! मीच केलं!"

राजनने स्क्रीनच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "जोशींचं! जोशींचं वायफाय पकडलंय!"

शेजारचे जोशी, सोसायटीचे सेक्रेटरी. गणपतीत आमचं नेट गेलं होतं तेव्हा सूनबाईने त्यांचा पासवर्ड घेतला होता, आणि लॅपटॉप इमानदारीने तो लक्षात ठेवून होता. राजन ते बंद करायला बटणं दाबत होता, पण लॅपटॉप म्हातारा. दाबलं की अर्ध्या मिनिटाने ऐकायचा. आकडा मात्र तरण्याताठ्यासारखा धावत होता. तीन हजार सातशे. सहाशे.

माझे हात मागचे पुढे आले. मी दार उघडलं आणि जोशींची बेल धरून ठेवली.

"काय हो काका? काय झालं?"

"वायफाय बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

"अहो, लेकीचा व्हिडिओ कॉल चालू आहे. नातू पहिल्यांदा उभा राहतोय. का पण?"

"आमचे बोंबील चाललेत!"

"कुठे?"

"तुमच्या घरातून!"

जोशींनी मागे वळून आपल्या हॉलमध्ये पाहिलं. मग माझ्याकडे. "काका, आम्ही अंडंसुद्धा आणत नाही घरात."

आतून त्यांच्या मातोश्रींचा आवाज आला. "मी म्हणत नव्हते? दुपारपासून वास येतोय!"

"अहो, खरे नाहीत, हवेतून जातायत!" मी म्हणालो.

जोशींनी माझा हात हळूच धरला. "काका, आत या. पाणी घ्या. घरी कोणी आहे का?"

मला वेड लागलंय असं त्यांना वाटलं! इकडे आमच्या घरातून केतकी ओरडतेय, "बत्तीसशे! आबा, बत्तीसशे!" आणि हा भला माणूस मला ग्लासभर पाणी पाजतोय. मी हात सोडवला, परत धावलो, आणि दारातल्या वायरच्या खोक्यापाशी आल्यावर माझ्या हाताने जे केलं ते डोक्याला विचारून केलं नाही. मशीन ऐकेनासं झालं की टर्नर बटणं शोधत बसत नाही. मी मेन स्विच पाडला.

पंखा थांबला. फ्रिज थांबला. बायकोच्या मिक्सरमधलं वाटण थांबलं.

"बाबा!" राजन आतून किंचाळला. मी डोळे मिटले. तिसरी चूक. "बाबा, बंद पडला! बॅटरी नाही त्याला, एका झटक्यात बंद पडला! पुसणं थांबलं!"

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

माहीत नव्हतं. माझ्या ध्यानीमनीही बॅटरी नव्हती. पण त्या दिवशी माझ्या वाट्याला दुसरं काही चांगलं आलं नव्हतं, एवढं मी ठेवून घेतलं.

मग राजनने जाऊन जोशींना माणसाच्या भाषेत समजावलं. नातू दोनदा उभा राहून दोनदा पडला होता, त्यामुळे तेही खुशीत होते. त्यांनी तासभर वायफाय बंद ठेवलं. (मातोश्रींनी तोवर घरभर उदबत्त्या लावल्या.) लॅपटॉप पुन्हा उघडला, उरलेलं सगळं पेन ड्राईव्हवर आणि मग आणखी एका पेन ड्राईव्हवर उतरलं. फोटो बहुतेक वाचले. गेला तो मापांचा कप्पा, तोच नेमका आधी पुसला गेला होता. कोणता मांडव किती उंच, बांबू किती जाड, दोन रांगांत अंतर किती, सगळे तक्ते. आणि परीक्षक पहिल्यांदा तेच मागणार.

"वहीत असेल ना लिहिलेलं?" मी विचारलं.

"वहीत कोण लिहितं आबा? मोबाईलवरच टाकलं होतं थेट." माझ्याकडे न बघता बोलली.

"उद्या पुन्हा मोजू."

"एका दिवसात? मला आणि प्रियाला आठ दिवस लागले होते."

"तुम्ही टर्नर नाही," मी म्हणालो.

रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. घाटकोपरपर्यंत रिक्षा, पुढे मेट्रो, पुढे पुन्हा रिक्षा. वाटभर ती कानात इयरफोन घालून बसली. मी माझी जुनी पिशवी घेतली होती: स्टीलची पट्टी, टेप, खडू आणि माझा व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरचाही तुकडा मोजणारं माप. निवृत्त होताना मालक तो काढून घ्यायला बघत होते. मी दिला नाही.

वेसाव्याच्या किनाऱ्यावर ऊन मी म्हणत होतं आणि समोर ते सगळे बोंबील होते. खरे! मी एकेका बांबूला व्हर्निअर लावायला सुरुवात केली. मांडवाची मालकीण, साठीची कोळीण, टोपली खाली ठेवून आली.

"ए बाबा, काय करतोस? बांबूची सोयरीक जुळवतोस की काय?"

"मोजतोय."

"बांबूला काय मोजायचं? बांबू तो बांबू! आणि त्या बोंबलांना हात नको लावूस."

"बाई, त्यांना हात लावायची आता माझीच हिंमत नाही," मी म्हणालो.

केतकीने तोंड दुसरीकडे फिरवलं. पण मी पाहिलं, तिचे खांदे हलले.

मी आकडे सांगत होतो, ती लिहीत होती. या वेळी वहीत. "उंची एकवीसशे चाळीस. जाडी एक्काहत्तर पॉइंट तीन."

"आबा, पॉइंट नको. बांबू आहे तो."

"पॉइंट आहे तर पॉइंट लिहायचा."

"आबा, प्लीज!"

"तीन."

लिहिला तिने. दुपारी दोनपर्यंत आम्ही सगळे मांडव संपवले. माझ्या गुडघ्यांनी संप केला होता, टाळूवर पापड भाजता आला असता, पण मी बसलो नाही. बसलो असतो तर तिने 'राहू दे आबा' म्हटलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. परत येताना मेट्रोत तिने पाण्याची बाटली स्वतः उघडून माझ्या हातात दिली. मी ती अर्धी प्यायलो आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी ती पास झाली. परीक्षकांनी तक्ता उचलून विचारलं म्हणे, "बांबूची जाडी दशांशात? इतकी काय गरज होती?" आणि ती म्हणाली, "सर, मोजणारा माणूस हट्टी होता." घरी येऊन हे तिने सगळ्यांना तीन वेळा सांगितलं. मी तिन्ही वेळा तिथेच होतो.

त्यानंतर राजनने सगळी व्यवस्था बदलली. आता आरसा नाही. डिस्कमध्ये तारखेवार जुन्या प्रती राहतात, खरोखरच्या प्रती, आमच्या ड्रॉइंगसारख्या. दर रविवारी जोडायची, काम झालं की काढून कपाटात. आणखी एक डिस्क सूनबाईने कोल्हापूरला माहेरी नेऊन ठेवली, म्हणजे इथे आग लागो की मी लागो, तिकडे धक्का नाही. मला हे सगळं इतकं पटलं की मी ते खाली कट्ट्यावर सगळ्यांना शिकवायला लागलो. सिंक म्हणजे सांभाळणं नव्हे, हे आज आमच्या सोसायटीत माझ्याइतकं कोणी ठासून सांगत नाही. जोशीसुद्धा आपली डिस्क मला दाखवायला घेऊन आले. (लांबून दाखवली.)

परवा अशाच कोणालातरी दाखवायला म्हणून टॅब उघडला, घरचं कपाट काढलं, आणि मला सगळ्यांच्या नावांची यादी दिसली. राजन: सर्व बदल करू शकतात. वैशाली: सर्व बदल करू शकतात. केतकी: सर्व बदल करू शकतात. खाली माझं नाव. त्यापुढे लिहिलेलं: फक्त पाहू शकतात.

मी टॅब घेऊन तडक किचनमध्ये गेलो. "हे बघ! घरातला सगळ्यात मोठा माणूस मी, आणि मला फक्त बघायची परवानगी!"

बायकोने चष्मा लावून वाचलं. टॅब परत दिला आणि कढईकडे वळली.

"मगे? हय स्वयंपाकघरात तुमका पन्नास वर्षां तीच आसा."

मी भांडायला तोंड उघडलं, फळीवरच्या डब्यांच्या रांगेकडे पाहिलं, आणि मिटलं. खरंच, पन्नास वर्षांत तिथला एक डबा हरवलेला नाही!